रोगांचा मानपान

नीट-पीजीच्या प्रश्नपत्रिकेतला रुग्ण फार गुणी माणूस असतो. ‘पंचेचाळीस वर्षांचा, भातशेती करणारा पुरुष. पाच दिवस थंडीताप. पोटऱ्या दाबल्या की कळवळतो. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. कालपासून कावीळ आणि लघवी कमी.’ एवढं सगळं एका दमात, योग्य त्या क्रमाने सांगून तो गप्प बसतो. ‘ह्यांना ताप नाही हो, अंगात उष्णता आहे,’ असं त्याची बायको मधेच म्हणत नाही. कागद आणायला विसरलोय, गुहागरच्या डॉक्टरांनी कसल्या तरी पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या, असं तोही म्हणत नाही. आपण चार पर्यायांतून लेप्टोस्पायरोसिस निवडायचं, चार गुण खिशात घालायचे आणि त्या शेतकऱ्याला तसाच तापात सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. इंटर्नशिपच्या वर्षभरात असा रुग्ण मला एकदाही भेटला नाही.

पण परीक्षेला भेटणार होता तो हाच. प्रश्न २००, वेळ साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. वाचताना मला सगळं पटायचं. रॉबिन्सच्या पॅथॉलॉजीचं पान उघडं असेपर्यंत मी विद्वान असायचो. पान मिटलं की डोक्यात नुसता बाजार. रोग होते, लक्षणं होती, तपासण्याही होत्या. फक्त कोण कुणाचं हे ठरलेलं नव्हतं. एकाचा मर्मर दुसऱ्याच्या झडपेला लागायचा आणि तिसऱ्याची बायॉप्सी चौथ्याच्या मूत्रपिंडात निघायची.

हॉस्टेलवरच्या एका हुशार मित्राने उपाय सुचवला. ओळखीची एखादी वाट मनात धरायची, वाटेवरच्या एकेका जागी एकेक गोष्ट ठेवायची आणि परीक्षेत मनातल्या मनात त्या वाटेने चालत जायचं. युक्ती ग्रीकांची. सायमनाइडीस नावाचा कवी स्कोपास नावाच्या धनिकाकडे मेजवानीला गेला होता. कुणी बोलावलं म्हणून तो बाहेर आला आणि मागे छप्पर कोसळलं. आतल्या पाहुण्यांचे चेहरे ओळखण्याजोगे राहिले नव्हते. कोण कुठे बसलं होतं हे आठवून कवीने एकेक प्रेत ज्याच्या त्याच्या नातेवाइकांना दाखवून दिलं. सिसेरोने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. म्हणजे ही विद्या मुळात पंचनाम्यातून निघाली! मेडिकलच्या पोराला याहून मोठा शुभशकुन कुठला? पाहुण्यांच्या नातेवाइकांना त्या वेळी काय वाटलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आता वाट कुठली घ्यायची? आमच्या मुंबईच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा नाही, तिथे रोग कुठे ठेवणार? पण मला एक वाट तोंडपाठ होती. अंजनवेलला मामाच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते ती. लहानपणापासून मी ढोलामागे धावत ती वाट तुडवलेली. कुठल्या घरी पहिला मान, कुणाच्या अंगणात पालखी नाचते, कुणाकडे नारळ आणि कुणाकडे नुसतंच कौतुक, सगळं मनात कोरलेलं. शिमगा जवळ आलाच होता. मी हॅरिसन, रॉबिन्स आणि एक दोनशे पानी वही घेऊन एस.टी.त बसलो.

अंजनवेल हे वाशिष्ठीच्या मुखाशी, दक्षिणेच्या काठावरचं गाव. समोर खाडीपलीकडे दाभोळ. डोक्यावर गोपाळगड. हा किल्ला तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतला. तटाच्या आत आता आंब्याची कलमं आहेत. त्याच्या पुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. आणि या सगळ्याच्या शेजारी तो अवाढव्य वीजप्रकल्प. २००५ पासून त्याचं सरकारी नाव वेगळं आहे, पण गावाच्या तोंडी तो अजून ‘एन्रॉन’च.

पहिला रोग मी या एन्रॉनलाच दिला. खरं तर रोग नव्हे, लक्षण : रेफर्ड पेन. पित्ताशयाची सूज श्वासपटलापर्यंत पोचली की दुखतो तो उजवा खांदा. श्वासपटलाची फ्रेनिक नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या खंडातून निघते. खांद्याच्या कातडीच्या नसाही त्याच खंडांतल्या. त्यामुळे तक्रार कुठून आली हे मेंदूला कळत नाही, तो पत्ता खांद्याचा लिहितो. प्रकल्पाचंही तसंच. जमीन अंजनवेलीची आणि आसपासच्या गावांची, नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचं. १९९३ साली करार झाला, १९९९ साली वीज निघाली, २००१ साली यंत्रं थांबली, आणि ठणका लागला तो दिल्ली-मुंबईला! हे मी एकदा वहीत लिहिलं आणि पुन्हा वाचावंच लागलं नाही. माझा आत्मविश्वास वाढला. पुढचं सगळं त्या आत्मविश्वासाचं फळ.

पालखीचा पहिला मान ज्या घराला, त्याला मी मिट्रल स्टेनोसिस दिला. ओटीवरून माजघरात जायचं त्यांचं दार फुगून बसलंय, पुरतं उघडत नाही. शिमग्याला ओटीवर माणसं तुंबतात, मग पडवीत, मग थेट अंगणापर्यंत. हृदयात हेच होतं. लहानपणी घसा धरतो, मागून संधिवाताचा ताप येतो, पुढे काही वर्षांनी झडप आकसते. डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साठतं, तिथून मागे फुप्फुसांत. माणूस रात्री दम लागून उठून बसतो. झडप उघडताना ‘खट्ट’ आवाज येतो आणि त्यामागून खर्जातली घरघर. ती ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर निजवायचं. त्या घरातले आजोबा दुपारी दाराशेजारच्या बाकावर डाव्या कुशीवरच निजतात, आणि दार वाजलं की गुरगुरतात. पॅथॉलॉजीचा प्राध्यापकसुद्धा यापेक्षा चांगली मांडणी करू शकला नसता.

दुसरं घर सुपारीच्या बागेचं. त्यांचा पाट दरवर्षी गाळाने बुजतो. मग पाणी भावकीच्या बागेत शिरतं, आणि त्यावरून दावा चालू आहे. सिरोसिस! यकृत कडक झालं की आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतल्या रक्ताची वाट बंद होते, आणि ते मिळेल त्या चोरवाटेने निघतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, बेंबीभोवती, गुदद्वाराशी शिरा फुगतात. पाणथळ झालेल्या भावकीच्या घराला मी अर्थातच व्हेरिसेस दिले, आणि कोर्टाच्या पुढच्या तारखेला ‘रक्ताची उलटी’ असं नाव ठेवलं.

मग दोन भावांचं घर. मधे भिंत घालून वाटणी केलेलं. माझं आयुष्य नासवणारे नेफ्रॉटिक आणि नेफ्रिटिक इथे एकदाचे वेगळे झाले. थोरल्याच्या घरात काही टिकत नाही, सगळं गळतं. तो नेफ्रॉटिक. गाळणीच्या पेशींचे पाय सपाट होतात आणि दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिनं लघवीतून जातात. रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, आणि तूट भरून काढायला यकृत जादा काम करतं म्हणून कोलेस्टेरॉल चढतं. थोरले भाऊ सकाळी उठतात तेव्हा त्यांचे डोळे खरोखरच तसे दिसतात. धाकटा तापट. त्याला नेफ्रिटिक : रक्तदाब वर, लघवी थोडी आणि कोकमाच्या आगळासारखी, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचे साचे, रक्तात सी-थ्री कमी. घसा बसल्यावर दोनेक आठवड्यांनी येतो. धाकट्याचा घसा भांडून कायमच बसलेला.

गिलावा न केलेल्या जांभ्याच्या घराला मल्टिपल मायलोमा. कवटीच्या एक्स-रेत पंच मारल्यासारखी भोकं दिसतात, ती त्या चिऱ्यांत मला जन्मापासून दिसत होती. शिवाय घरमालक खाडीत कुर्ल्या धरतो, आणि मायलोमा पाठ करायचा तो ‘क्रॅब’ या चार अक्षरांनीच : कॅल्शियम जास्त, रीनल म्हणजे मूत्रपिंड निकामी, ॲनिमिया, बोन म्हणजे हाडं पोखरलेली. रहाटाच्या घराला पार्किन्सन्सचा दातेरी ताठरपणा. दिवसभर पंप चालू ठेवणाऱ्यांना डायबिटीस इन्सिपिडस. खिडकीतून येणाजाणाऱ्याकडे पापणी न लववता बघत बसणाऱ्या आजींना ग्रेव्ह्ज. टीएसएच तळाला, नाडी धावतेय, बुबुळावरची पांढरी कड दिसतेय.

अर्धवट बांधलेल्या एका घरापुढे चिऱ्यांची रास आहे. तिथे मी लाल विंचू ठेवला. वेगळं काही सुचवावंच लागलं नाही, तो तिथे होताच. आमच्या पुस्तकात विंचूदंशाला दीड ओळ आहे : विषाने सोडियमचे मार्ग उघडे राहतात, अंगात ॲड्रेनॅलिनजातीच्या रसायनांचं वादळ उठतं, घाम, गार हातपाय, मग फुप्फुसांत पाणी, उपाय प्राझोसिन. त्या दीड ओळीमागे आपलं कोकण आहे, हे पुस्तक सांगत नाही. १९७६च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं तोंडाला फेस येऊन मरताना त्यांनी पाहिली. रात्र रात्र खाटेशेजारी बसून रक्तदाब, नाडी, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी इथे चालते, हेही त्यांनीच दाखवलं, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण कुठच्या कुठे खाली आलं. एका माणसाने खाटेशेजारी बसून काढलेला तो क्रम मी पडवीत आरामखुर्चीवर पडून पाठ करत होतो. हा विचार मनात आला, पण अजून निम्मी वाडी उरली होती.

वाडीच्या वळणावर माजी सरपंचांचं घर. इथे मी जरा वाहवलो. आर्गाइल रॉबर्टसन बाहुली हे न्यूरोसिफिलिसचं जुनं, नामांकित लक्षण. जवळची वस्तू बघायला सांगितली की बाहुली नीट आकसते, पण डोळ्यावर उजेड पाडला तर ढिम्म. सरपंचांच्या कारकिर्दीत जवळच्यांकडे त्यांचं बरोबर लक्ष असायचं. बाहेरच्यांनी ग्रामसभेत कितीही उजेड पाडला तरी त्यांच्यावर काही परिणाम झालेला गावाने पाहिला नाही. मी वहीत त्यांच्या घरापुढे ‘सिफिलिस’ लिहिलं, शेजारी ‘व्हीडीआरएल’ लिहिलं, आणि खूश होऊन त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मामाच्या घराला मी काहीच दिलं नाही. तिथे मी जेवत होतो.

उजळणी म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ वही बगलेत धरून पालखीच्या वाटेने चालायचं, प्रत्येक घरापुढे थांबायचं, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं. पहिल्यांदा वाडीने हा जप समजला. वहीत बघून घराची भिंत न्याहाळतोय हे लक्षात आल्यावर दुसरी शंका आली. अंजनवेलीत वही घेऊन घरासमोर थांबणारा माणूस म्हणजे जमिनीची मोजणी, हे लोक एका पिढीपूर्वी शिकलेत. जांभ्याच्या घरातल्या काकांनी मला थांबवून स्पष्ट विचारलं, “भाचे, खरं सांग. कंपनी पुन्हा येतेय काय? यंदा गुंठ्याला काय भाव?” मी म्हटलं, “नाही हो काका, मी तुमच्या घरात हाडं बघतो.” यापुढे ते माझ्याशी सावधपणे बोलू लागले.

घोटाळा झाला तो मामेभावामुळे. त्याचा हेतू शुद्ध होता. वाडीच्या शिमग्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबईचे चाकरमानी दरवर्षीप्रमाणे विचारत होते : पालखी कुणाकडे कधी, क्रम काय, रजा कुठल्या दिवसाची टाकायची? मामेभावाला आठवलं की पालखीचा क्रम माझ्या वहीत सुवाच्य अक्षरात, घरवार, ओळीने लिहिलेला आहे. त्याने पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. डावीकडे घर, उजवीकडे रोग. खाली त्याने लिहिलं : ‘आपल्या डॉक्टरांनी बनवलेली यादी. प्रत्येकाने आपापलं बघून घ्या.’

प्रत्येकाने बघून घेतलं.

पहिला फोन नालासोपाऱ्याहून आला. त्या गृहस्थांचा समज असा झाला होता की उजवीकडचं ते शिमग्याला त्या त्या घराने आणायचं सामान. “मायलोमा किती किलो आणू? दादरला मिळेल ना?” मी सांगितलं, आणू नका, इथे आहे. दुसरा फोन विक्रोळीहून, रडवेला. “आईला पार्किन्सन झालाय आणि आम्हाला कुणी कळवलं नाही!” त्या आईला मी तासाभरापूर्वी रहाटाजवळ कळशी घेऊन ताठ मानेने चालताना पाहिलं होतं. पंपवाल्यांच्या मुलाने डोंबिवलीहून घरी फोन करून वडिलांची साखर बंद केली. डायबिटीस इन्सिपिडसचा साखरेशी काही संबंध नसतो, मेंदूकडून येणारं पाणी राखणारं संप्रेरक कमी पडतं किंवा मूत्रपिंड त्याला दाद देत नाही, म्हणून माणूस पाणी पितो आणि पाणीच बाहेर टाकतो, हे मी त्याला फोनवर बारकाईने समजावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “म्हणजे पाणी बंद करू?”

रात्री मागच्या दाराने माजी सरपंच आले. दिवा लावू नको म्हणाले. पडवीत बसून बराच वेळ त्यांनी आंब्याच्या मोहोराची चौकशी केली. मग सहज विचारल्यासारखं, “ती जी तपासणी लिहिलीयस, ती खोटी निघू शकते काय?” माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. मी म्हटलं, हो तर. व्हीडीआरएल मुळात जंतू शोधतच नाही, ती कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. ल्युपसमध्ये, कुष्ठरोगात, मलेरियात, गरोदरपणात ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए करून खात्री करायची. सरपंचांनी यादी मनातल्या मनात एकदा फिरवली आणि म्हणाले, “त्यातलं मलेरिया लिही.” मी त्यांच्यासमोर मोबाइलच्या उजेडात ‘सिफिलिस’ खोडून मलेरिया लिहिलं. त्यांनी दुरुस्त केलेल्या पानाचा फोटो घेतला आणि स्वतः ग्रुपवर टाकला. ज्या दोन-चार घरांनी पहिली यादी नीट वाचली नव्हती, त्यांनीही मग ती काढून वाचली.

होमाच्या तयारीसाठी गावकी बसायचीच होती. सहाणेसमोर चटया पडल्या आणि लाकडं कुणी तोडायची हा विषय बाजूला ठेवून माझा विषय निघाला. मला वाटलं होतं, शिव्या पडतील. थोड्या पडल्याही. मामाने उठून, हे नुसतं पाठांतर आहे, कुणाला काही झालेलं नाही, असं हात जोडून सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. पण कोकणात एकदा यादी झाली की ती नुसती यादी राहत नाही. खालच्या आळीतले एक काका उभे राहिले. “पाठांतर तर पाठांतर. पण आमच्या घराला नुसतं रक्त कमी? आणि भावकीला लिव्हर? आमचा मान त्यांच्या आधीचा आहे, देवस्थानच्या कागदात बघा!”

काकांच्या घराला मी लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया दिला होता. लहान, फिक्या पेशी, चमच्यासारखी खोलगट नखं, फेरिटिन कमी. साधा, घरोघरचा आजार. त्यांचा अपमान झाला होता. त्यांना मी सायडरोब्लास्टिक ॲनिमिया देऊ केला. नाव ऐकून ते थोडे निवळले. “यात काय होतं?” मी सांगितलं, यात लोह भरपूर असतं, पण पेशीला ते वापरता येत नाही. नुसतं केंद्रकाभोवती कडं करून साठवून ठेवते, निळ्या रंगाने रंगवलं की ते कडं दिसतं. हे ऐकून अख्खी आळी हसली, कारण काकांच्या सोन्याबद्दल आणि ते कुणी अंगावर पाहिलं नसल्याबद्दल गावात प्रवाद आहे. काकांनी मात्र रोग पदरात पाडून घेतला.

मग रीघ लागली. दोन भावांपैकी धाकट्याने मागणी केली की थोरल्याकडे साडेतीन ग्रॅम जातात तर मला काय जातं तेही ग्रॅममध्ये लिहा, वाटणी समान झाली पाहिजे. नेफ्रिटिकमध्येही थोडी प्रथिनं जातात, पण त्याहून कमी, असं मी खरं ते सांगितलं आणि त्याने बसकण मारली. भिंत घातली तेव्हाही त्याला कमीच आलं होतं. ग्रेव्ह्जच्या आजी पदर खोचून उभ्या राहिल्या. “मेल्या, माझे डोळे बाहेर आलेत म्हणतोस? ह्या डोळ्यांनी मी तुला उघडा पळताना पाहिलाय.” त्यांची हरकत गावकीने टाळ्या वाजवून मान्य केली. चिऱ्यांच्या राशीचा मालक एकटाच समाधानी होता. त्याने उठून सगळ्यांना सांगितलं की विंचू चावला तर मंत्र नाही, प्राझोसिन, आणि पहिली गोळी घेतल्यावर उभं राहायचं नाही, रक्तदाब पडतो. औषधशास्त्राचा तेवढा प्रश्न मला आला असता तर तो उत्तर देऊ शकला असता.

शेवटी बराच वेळ गप्प बसलेल्या एका बुजुर्गांनी मुद्द्यालाच हात घातला. “हे सगळं ठीक. पण यादीत एक घर मोकळं कसं? ह्याच्या मामाचं?”

सहाणेवर शांतता पसरली. सगळ्या वाडीला रोग आणि मामाला सूट! सिफिलिसपेक्षा हा गुन्हा मोठा होता. मामा पुन्हा उठला. आयुष्यभर त्याने गावकीत कुणाला बोट दाखवू दिलेलं नाही. तो म्हणाला, “आमी मागे राहणारी माणसं नाही. गावकी देईल तो रोग आमाला मान्य आहे.” मी हळूच सोरायसिस सुचवला, निदान दिसायला बरा. पण निर्णय आता माझ्या हातात नव्हता. थोडी कुजबुज झाली, बुजुर्गांनी घसा खाकरला, आणि गावकीने एकमताने मामाला मूळव्याध दिली. इतिवृत्तात तशी नोंद झाली. तोडगा म्हणून आणखी एक ठरलं : पहिल्या मानाबद्दलचा वाद मिटेपर्यंत यंदा पालखी खालच्या आळीतून वर चढेल.

शिमगा झोकात झाला. संकासुर नाचला, होम पेटला, पालखी घरोघर निघाली. गाऱ्हाणं घालणाऱ्या बुवांच्या हातात यंदा क्रम बदललेला म्हणून कागद होता, आणि कागद म्हणजे माझ्या वहीचीच झेरॉक्स. दोन भावांच्या अंगणात पालखी टेकली आणि बुवांनी खड्या आवाजात सुरुवात केली. “ह्या घराच्या लघवीतून जे काय प्रोटीन जात असंल ते थांबव, जे काय रक्त जात असंल ते थांबव, दोघा भावांची गाळणी शाबूत राख रे महाराजा!” वाडीने आवाज दिला, “व्हय महाराजा!” सुपारीच्या बागेत त्यांनी पोर्टल शिर मोकळी करण्याचं साकडं घातलं, आणि दाव्याचाही निकाल लागू दे म्हणाले. माजी सरपंचांच्या दारात बुवा अडखळले. कागदावर मलेरिया होतं, त्याखालचं खोडलेलंही स्वच्छ वाचता येत होतं. त्यांनी एकदा कागदाकडे, एकदा सरपंचांकडे पाहिलं, कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाले, “ह्या घराला जे काय झालं असंल, ते तुलाच ठावूक रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” इतका मोठा होकार त्या शिमग्यात दुसऱ्या कुठल्याच घराला मिळाला नाही.

परीक्षेच्या दिवशी संगणकापुढे बसून मी डोळे मिटले आणि वाडीत शिरलो. पण कुठून शिरायचं? जुन्या वाटेने गेलो तर समोरून पालखी उलटी येत होती. मिट्रल स्टेनोसिस शेवटी गेला होता, ॲनिमियाच्या घरात आता सायडरोब्लास्टिक राहत होता, मलेरियाची खिडकी उघडली तर आतून सिफिलिस डोकावत होता. लोहाच्या कमतरतेचा एक सरळ प्रश्न आला, फेरिटिन कमी असल्याचंसुद्धा त्यात लिहिलेलं. मी काकांचा मान राखला आणि सायडरोब्लास्टिकवर टिचकी मारली. उणे एक.

आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी गावकीने जणू माझी तयारी करून घेतली होती. सिरोसिसचा रुग्ण, पोटात पाणी, प्लीहा वाढलेली, गुदद्वारातून रक्त. तिथे काय आहे? मूळव्याध आणि पोर्टल दाबामुळे फुगलेल्या गुदद्वाराच्या शिरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळव्याध म्हणजे तिथल्या नैसर्गिक गाद्या खाली घसरणं, तिचा यकृताशी संबंध नाही. हे मला पक्कं माहीत होतं, दोन पुस्तकांत वाचलं होतं. पण मनातल्या वाडीत सुपारीच्या बागेला लागूनच मामाचं घर आहे, मधे फक्त एक पडका गडगा आहे, आणि मामाची मूळव्याध तर गावकीच्या इतिवृत्तात लिहिलेली. कागदोपत्री नोंद असलेला पर्याय मी निवडला.

निकालाबद्दल मामाला फोन केला तेव्हा त्याला माझ्या क्रमांकात रस नव्हता. पुढच्या गावकीपर्यंत मूळव्याध रद्द करून द्यायचं पत्र मी डॉक्टर या नात्याने सहीशिक्क्यानिशी पाठवावं, असं त्याचं म्हणणं होतं. इतिवृत्त वाचल्यापासून मामीने घरातलं तिखट बंद केलंय, आणि सुरमईची आमटी हिरव्या मिरचीशिवाय खायची म्हणजे काय, हे हॅरिसनमध्ये कुठे लिहिलंय का, असं तो मला विचारत होता.